छप्पर उघडणारी गाडी

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गारी बगाला येतंस काय?"

आमच्या जासईत 'गाडी बघायला' म्हटलं की समोर ट्रेलर येतो. न्हावा-शेवा बंदर सुरू झालं 1989 साली, आणि तेव्हापासून शेतीच्या बैलजोडीची जागा हळूहळू चाळीस फुटी ट्रेलरने घेतली. भाच्याचाही एक ट्रेलर आहे, बँकेच्या हप्त्यावर. मला वाटलं, दुसरा घेतोय. म्हटलं चला, कामाला लागलं पोरगं. तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला आणि माझा चहा निवला.

लालभडक, बुटकी, दोनच सीटची. जर्मन बनावटीची. बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जाऊन बसतं. इंजिनाची ताकद तीनशे हॉर्सपॉवर. 2012 ची पासिंग. नवी घेतली तेव्हा रस्त्यावर उतरेपर्यंत 80 लाखांच्या घरात गेली असणार. मागणी किती? 19 लाख! (कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. गाडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, आणि पुढे जे झालं त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही.)

पाच मिनिटांनी ताईचा फोन. तिला पत्ता लागलाच होता. "तुजा तो आयकतो. समजव त्याला जरा. शेवटचे पैसे हायेत ते."

शेवटचे पैसे म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेला भूखंड, तो बिल्डरला दिला, आलेल्या पैशांच्या वाटण्या झाल्या, घर झालं, लग्नं झाली, ट्रेलरचं डाउन पेमेंट झालं. भाच्याच्या वाट्याचे उरले होते 26 लाख. यानंतर विकायला जमीन नाही. 

तर असा हा मामला. एका बाजूला ताईचा जीव टांगणीला, दुसऱ्या बाजूला तिशी ओलांडलेला, कुठलंही व्यसन नसलेला, रात्री-अपरात्री सीएफएसच्या रांगेत ट्रेलर घेऊन उभा राहणारा भाचा. आणि मध्ये मी. आयुष्य क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात बिल ऑफ एंट्री भरण्यात गेलं. म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तूंचे भाव वाचण्यात.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. ताईचा फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं वाक्य काय आलं असेल? "लोक काय म्हणतील?" कारण लोक काय म्हणतात ते मी तीस वर्षं लोकलमध्ये ऐकत आलोय. 'जमिनीचा पैसा आला आणि ह्यांनी गाड्या उडवल्या.' 'गळ्यात साखळ्या, दारात फॉर्च्युनर, खिशात काही नाही.' सांगणारा हसत असतो, आणि मी जासईचा आहे हे त्याला माहीत नसतं.

ह्या हसण्याचा मला मनापासून राग आहे. उधळपट्टी झाली नाही असं नाही. झाली. हळदीला लाखो रुपये उडालेले मी बघितलेत. पण मलबार हिलवरच्या माणसाने तळघरात तीन स्पोर्ट्स कार ठेवल्या तर त्याला 'शौकीन' म्हणतात, पेपरात त्याची रंगीत मुलाखत येते. तीच गाडी उरण तालुक्यातल्या पोराने सेकंडहँड घेतली तर तो 'उधळ्या'. दोघांपैकी स्वतःच्या बापजाद्यांची जमीन देऊन गाडी घेणारा कोण, हे कोणी विचारत नाही. माझं मत असं की मजेसाठी एखादी वस्तू घ्यावीशी वाटणं हा गुन्हा नाही, आणि त्याचं स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी फक्त आमच्यावरच आहे असंही नाही. म्हणून 'लोक काय म्हणतील' हा मुद्दा मी त्याच दिवशी बाद केला. भाच्याला नाही म्हणायचं तर कारण दुसरं हवं.

आमच्याकडे उघडी गाडी तशी दोनच जण वापरतात, निवडून आलेला आणि नवरदेव. जीप भाड्याने आणतात, वर उभं राहतात, गुलाल आणि डीजे. फार तर कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक बाहेर निघते ती. सामान्य माणसाने मंगळवारी सकाळी उगाचच छप्पर उघडून फिरावं ही कल्पनाच आपल्याकडे नाही. भारतीय बनावटीचा एक प्रयत्न झाला होता. 1998 मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी गाडी आली होती, फायबरच्या बॉडीची, रेनॉचं साठेक हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलेली. फार थोड्या खपल्या. पण रस्त्यात दिसली की आम्ही वळून बघायचो हे आठवतं.

असो. मुख्य प्रश्न हा की 80 लाखांची गाडी 19 लाखांना का मिळते?

भाचा म्हणाला, "मामा, गरजू हाय इकणारा." सगळे विकणारे गरजूच असतात. खरी कारणं साधी आहेत, आणि ती माझ्या धंद्याच्या जवळची आहेत.

पहिलं कारण जकात. परदेशातून तयार येणाऱ्या महाग गाडीच्या किमतीत मोठा हिस्सा सरकारचा असतो. 40 हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांवरची जकात 2013 मध्ये 100 टक्के झाली. 2025 च्या अर्थसंकल्पात ती 70 टक्के केली आणि वर 40 टक्के अधिभार लावला. गंमत म्हणजे ह्या अधिभाराचं नाव 'कृषी पायाभूत सुविधा व विकास'! शेतजमीन गेलेल्या गावात बसून हे वाचताना काय वाटतं ते सांगत नाही. तर ही जकात म्हणजे पहिल्या मालकाने हवेत सोडलेला पैसा. वस्तूत तो नसतो. दुसऱ्या मालकाला त्याचं काही मिळत नाही, आणि म्हणून तो त्याचे पैसेही देत नाही.

जकातीचा आकडा काय करू शकतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आठवा, सचिनची फेरारी. 29 शतकं करून ब्रॅडमनची बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये शूमाकरच्या हस्ते त्याला 360 मॉडेना मिळाली. ती भारतात आणताना 1 कोटी 13 लाखांच्या आसपास जकात माफ करण्यावरून केवढा गदारोळ झाला! शेवटी ते पैसे फियाट कंपनीने भरले. पुढे 2011 मध्ये तीच गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. म्हणजे साक्षात सचिनची गाडीसुद्धा एक दिवस सेकंडहँड झालीच.

दुसरं कारण घसारा. अशा गाड्या पुष्कळदा कंपनीच्या नावावर असतात. आयकरात मोटारीवर दरवर्षी 15 टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या रकमेवर. हिशेब करून बघा, दहा वर्षांत वहीतली किंमत मूळच्या वीस टक्क्यांच्याही खाली येते. पहिल्या मालकाने गाडीचा उपभोग घेतला, कर वाचवला, आता जे मिळेल ते त्याला वरकड आहे. त्याच्या लेखी 19 लाख भाव चांगलाच आहे!

तिसरं कारण म्हणजे गिऱ्हाईक नाही. सेकंडहँड स्विफ्टला दिवसाला दहा फोन येतात. दोन सीटच्या, रस्त्याला पोट घासणाऱ्या गाडीला महिन्यात दोन. त्यातला एक आमचा.

आणि चौथं कारण जे जाहिरातीत नव्हतं. 2012 ची पासिंग म्हणजे 2027 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. साध्या मोटारीला 2022 पासून त्याची फी 5 हजार आहे, पण आयात गाडीला 40 हजार. वर पर्यावरण कर आणि फिटनेस. विकणारा घाईत का होता ते कळलं?

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरा. मंग बगाला तरी चल."

गेलो. अंधेरीकडे एका इमारतीच्या तळघरात दुकान होतं. नाव सांगत नाही. दोन ओळीत गाड्या, प्रत्येकीवर मेणाची चकाकी, थंडगार हवा, पाण्याच्या छोट्या बाटल्या. विकणारा मुलगा फार अदबीने बोलत होता. त्याने बटण दाबलं. डिकीचं झाकण उलटं उघडलं, छप्पर मधोमध दुमडलं, उचललं गेलं, आत गेलं, झाकण बंद. वीस सेकंद. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडातून "वा!" गेलं.

मग एक चक्कर मारायला दिली. भाचा चालवायला, मी बाजूला. लिंक रोडला रविवारी दुपारीही गर्दी असते, तिसऱ्या गिअरच्या वर काही जाता आलं नाही. पण एका सिग्नलनंतर शंभरेक मीटर रस्ता मोकळा मिळाला आणि त्याने पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, मागे आवाज फुटला, डोक्यावर आभाळ आणि मेट्रोचा पूल. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा बाप गेला तेव्हा तो अकरावीत होता. तेव्हापासून त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता. त्या क्षणी त्याने विचारलं असतं तर मीच टोकन दिलं असतं. म्हणून सांगतो, ज्यांना ह्या गाड्यांमध्ये काय आहे ते कळत नाही त्यांनी उपदेश करू नये. आहे त्यात काहीतरी.

परत तळघरात आलो. आणि मग मी म्हाताऱ्या कारकुनासारखा वाकून बघायला लागलो.

टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2817 म्हणजे 2017 सालचा 28 वा आठवडा. मागच्या दोन्ही टायरवर हेच लिहिलं होतं. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं, कडेला बारीक भेगा. म्हणजे गाडी चाललेलीच नाही, उभी होती. आपल्याला वाटतं कमी चाललेली गाडी चांगली. उभ्या गाडीचं रबर सुकतं, बॅटरी मरते, ब्रेक गंजतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि 2012 ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही.

इथे मला भाच्याची गंमत वाटली. हाच पोरगा ट्रेलर घेताना प्रत्येक टायरचा नंबर वहीत लिहून ठेवतो. कुठला कधी रिमोल्ड केला, कुठला किती किलोमीटर चालला, तोंडपाठ. इथे लाखाचे टायर समोर होते आणि त्याने त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. माणूस ज्या वस्तूने पोट भरतो तिला उलटसुलट करून बघतो. जिच्यावर जीव जडला तिच्याकडे नुसता बघत राहतो. (लग्नं अशीच होतात म्हणा!)

मग सीटबेल्ट. हे मला 26 जुलै 2005 नंतर एका सर्व्हेअरने शिकवलं होतं. त्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या. 2015 मध्ये चेन्नई बुडाली तेव्हाही तेच. विमा कंपनी 'टोटल लॉस' म्हणून पैसे देते, गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती वाळवतो. गालिचे बदलतात, सीट धुतात, पण सीटबेल्ट कोणी शेवटपर्यंत ओढत नाही. मी ओढला. पूर्ण. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. सीटखाली हात घातला, रुळांच्या बोल्टवर गंज. गालिचा मात्र कोरा करकरीत.

मुलगा म्हणाला, "सर, मुंबईची दमट हवा आहे." मी म्हटलं, "विम्याची हिस्ट्री दाखवा." तो म्हणाला, मागवून ठेवतो, तोवर टोकन देऊन ठेवा, दुसरी पार्टी तयार आहे. 

आम्ही उठलो. भाच्याने वळून दोनदा बघितलं.

परतीच्या वाटेवर तो बोलला नाही. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. बरोबर ठरल्याचा आनंद! आणि हे मी लिहून ठेवतोय कारण मला त्याची लाज वाटली. पोराच्या तोंडचा घास गेला होता, आणि मामाला आपल्या हुशारीचं कौतुक. ताईला फोन करून "काम झालं" सांगणार होतो, नाही केला.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका मेकॅनिककडे बसलो. तो ह्याच जातीच्या गाड्या करतो. त्याला म्हटलं, समज गाडी बुडालेली नाही, चांगली आहे, तरी पहिल्या दोन वर्षांत काय लागेल? त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. चार टायर 1 लाख. पुढचे ब्रेक, डिस्कसकट, 80 हजार. गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर वगैरे 60 हजार. कूलिंगचा पंप 70 हजार. विमा 60 हजार. पासिंगचे 40 हजार आपण धरलेच. आणि छपराचा हायड्रॉलिक पंप, रबरी पट्ट्या, सेन्सर ह्यांचं काही निघालं तर 2 लाख. "निघालं तर म्हणजे?" "निघतंच," तो म्हणाला. "एक सेन्सर बोलला नाही की छप्पर अर्ध्यात उभं राहतं. त्यात तुमच्याकडे खाडीची खारी हवा, वर ट्रेलरची धूळ. पाणी जायच्या नळ्या बुजल्या की पाणी आत."

बेरीज 6 लाख 10 हजार. 19 आणि 6.10 म्हणजे 25 लाख 10 हजार. भाच्याकडचे 26. उरले 90 हजार आणि ट्रेलरचा 65 हजारांचा महिन्याचा हप्ता. बंदरात एक महिना काम मंदावलं तर संपला विषय.

हा कागद म्हणजे ह्या लेखाचा सगळा मुद्दा आहे. 80 लाखांची गाडी 19 लाखांना मिळते, पण तिचे टायर, ब्रेक, पंप 19 लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते 80 लाखांच्याच गाडीचे राहतात. गाडीचा भाव उतरतो, भूक उतरत नाही. मराठीत भाव आणि किंमत असे दोन शब्द आहेत ते उगाच नाहीत. भाव बाजार सांगतो, एकदाच. किंमत आपण मोजत राहतो, वर्षानुवर्षं.

आणि हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको होतं.

1970 मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणची 95 गावं नव्या शहरासाठी घेतली. एकराचा भाव सांगितला गेला. हातात कधी एवढी रक्कम न आलेल्या माणसाला कुठलाही आकडा मोठाच वाटतो. भात गेलं, मीठ गेलं, खाडीतली मासळी गेली, पोरांना नोकरी लागेल की नाही, राहतं घर वाढवता येईल की नाही, हे त्या आकड्यात कुठे होतं? भाव सांगितला होता, किंमत कोणी सांगितली नव्हती. ती कळायला दहा-बारा वर्षं गेली. मग आमच्याच गावचे दि. बा. पाटील उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघर इथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. मी बारा वर्षांचा होतो. आबा दोन रात्री घरी आले नाहीत, आणि आई दारातल्या ओट्यावर बसून होती एवढं आठवतं. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला. भावाच्या पलीकडची किंमत मोजायला लावली, असं मी त्या लढ्याचं वर्णन करीन.

भाच्याच्या खात्यातले 26 लाख हे त्या साडेबारा टक्क्यांतले. म्हणून त्याने ते एफडीत कुलूप लावून ठेवावेत, असं मी म्हणणार नाही. हुतात्म्यांचं नाव घेऊन पोराच्या हौसेला गप्प करणं मला पटत नाही. ते पाच जण कोणी मजा करू नये म्हणून गेले नव्हते. माझं म्हणणं एवढंच की ज्या पैशाचा जन्मच 'नंतर काय?' ह्या प्रश्नातून झाला, तो खर्च करताना हा प्रश्न विसरू नये.

आठवड्याने भाचा घरी आला. आबा ओट्यावर बसले होते, वय 82, कान शाबूत. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी भाच्याच्या मोबाइलवर फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "केवरी खाली हाय ही! माला चरता येल काय?"

"आबा, तुला उचलून ठेवीन," भाचा म्हणाला.

"आन् पावसान?"

"छप्पर लागतं ना, आबा."

"मंग ठीक हाय," आबा म्हणाले आणि मोबाइल परत दिला. बस. मी आपला कागद काढून बसलो होतो, ते भाषण करतील, माझ्या बाजूने बोलतील म्हणून. त्यांना फक्त चढता येईल का ते बघायचं होतं!

मग मी कागद भाच्यापुढे ठेवला. त्याने तो ट्रेलरच्या वहीसारखा वाचला. अगदी तसाच, बोट ठेवून. मग दोघांनी मिळून एक नियम केला, तोच तुम्हालाही सांगतो, कारण स्वस्तातल्या महाग गाडीचा मोह जासईपुरता नाही. पुण्यात, ठाण्यात, आयटीतल्या मुलांनाही होतो.

आधी धंद्याचे सहा हप्ते बाजूला. म्हणजे 4 लाख. राहिले 22. त्यात गाडीचा भाव आणि त्या भावाच्या निम्मी रक्कम, दोन्ही बसलं पाहिजे. म्हणजे गाडी 14 लाखांपर्यंत, आणि 7 लाख तिच्याच नावाने बँकेत, हात न लावता. गाडी चाललेली हवी, सर्व्हिसची वही पहिल्या पानापासून हवी, विम्याची हिस्ट्री टोकनच्या आधी. दुसऱ्या राज्याची पासिंग असेल, विशेषतः पाँडिचेरीची, तर इथला रोड टॅक्स कोण भरणार ते कागदावर. पुष्कळ महाग गाड्या तिथे कर वाचवायलाच नोंदवलेल्या असतात, आणि वाचवलेला कर शेवटी शेवटच्या मालकाच्या दारात येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. आणि एवढ्यात बसणारी गाडी मिळाली नाही तर थांबायचं. 14 लाखांत तीनशे हॉर्सपॉवर नाही आली तर दीडशेची बघायची. आपल्याकडे ती तीनशे चालवायची तरी कुठे? चिर्ल्याला चढलं की अटल सेतू, 21.8 किलोमीटर, वेगमर्यादा 100. म्हणजे तेरा मिनिटांची मजा आणि 250 रुपये टोल. त्या तेरा मिनिटांत आभाळ तेवढंच दिसतं, इंजिन कितीही असो.

ताईला हा तोडगा फारसा आवडला नाही. तिला 'नाही' हवं होतं. ती म्हणाली, "तू त्याला आवराला गेलतास का फूस लावाला?" खरं सांगायचं तर तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. कदाचित ती बरोबर असेल. 22 लाखांत दुसऱ्या ट्रेलरचं डाउन पेमेंट झालं असतं, पोरांच्या शिक्षणाला उपयोग झाला असता, हे मलाही कळतं. पण पंधरा वर्षं घर ओढणाऱ्या माणसाला, सगळं पोटापाण्याचं बाजूला ठेवल्यावर, एक गोष्ट नुसती आवडली म्हणून घेता येऊ नये का? मोठ्यांनी त्याला हिशेब दाखवावा. तो हिशेब वाचत असेल तर पुढचं त्याच्यावर सोडावं.

भाचा अजून शोधतोय. दर दोन-तीन दिवसांनी एखादा फोटो येतो. आता फोटोच्या आधी टायरवरच्या आकड्यांचा फोटो येतो, ह्याचा मला जरा आनंद आहे. परवा एक निळी आली होती, नाशिकची, 13 लाख. उद्या सकाळी बघायला जातोय. मी बरोबर जाणार आहे, सीटबेल्ट ओढायला. आणि छप्पर उघडलं तर बाजूच्या सीटवर बसायला.